पाण्याची हद्द आणि कारभाराची हद्द

पाथरी तालुक्याची दक्षिणेकडील सीमा गोदावरीने आखून दिली आहे. नदीच्या उत्तर तीरावर परभणी जिल्हा, दक्षिण तीरावर बीड जिल्ह्याचा माजलगाव तालुका. परभणीहून मानवत, पाथरी करीत माजलगावकडे जाणारा हमरस्ता ढालेगावाजवळ नदी ओलांडतो आणि त्या पुलाच्या लांबीत जिल्हाधिकारी बदलतो, पोलीस अधीक्षक बदलतो, जिल्हा परिषद बदलते. बदलत नाही ते पाणी. ढालेगावच्या बंधाऱ्यात अडलेले पाणी दोन्ही तीरांना सारखेच भिडलेले असते आणि एका तीरावरच्या पंपाने उपसलेले पाणी दुसऱ्या तीराला कमी पडते. हा हिशेब शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. परंतु महसुलाच्या कोणत्याही एका दप्तरात तो एकत्र मांडलेला सापडणार नाही, कारण दप्तराची हद्द नदीच्या मध्यावर संपते. जमिनीचा कारभार ज्या रेषांनी चालतो त्या रेषांनी पाण्याचाही चालावा काय, हा प्रश्न म्हणूनच पाथरीसारख्या तालुक्यात केवळ पुस्तकी राहत नाही.

हद्दींचे राजकारण पाथरीला नवे नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुलकर्णी होते, अशी हकीकत फिरिश्त्याने आपल्या इतिहासात दिली आहे. राज्य हाती आल्यावर वाडवडिलांचे गाव आपल्या मुलखात असावे असे बुऱ्हाण निजामशहाच्या दरबाराला वाटू लागले. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बदल्यात दुसरा मुलूख देऊ करूनही इमादशहा बधला नाही, तेव्हा १५१८ मध्ये निजामशाही फौजेने ती तलवारीच्या बळावर घेतली. १५२७ च्या सुमारास इमादशहाने ती परत मिळविली आणि निजामशाहीने ती पुन्हा जिंकली. एका कुलकर्ण्याच्या वतनाच्या आठवणीपायी दोन सुलतानांनी फौजा झिजवाव्यात, हे आज नवलाचे वाटते. पण तालुका कोठे जोडावा आणि मुख्यालय कोठे असावे यावरून आजही जे मोर्चे निघतात, ते पाहता तितकेसे नवल वाटू नये. पुढे अकबराने वऱ्हाड घेतल्यावर ‘ऐने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत पाथरीची नोंद झाली. म्हणजे आज जे तालुक्याचे ठिकाण आहे, ते एके काळी अनेक परगण्यांच्या सरकारचे ठाणे होते.

निजामी राजवटीत पाथरी परभणी जिल्ह्याचा तालुका झाली. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यानंतर हद्दी आकुंचन पावत गेल्या. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर तालुका परभणीतून तिकडे गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळी झाली. मानवत आणि सोनपेठ हे स्वतंत्र तालुके झाले. विधानसभेच्या मतदारसंघात मात्र पाथरी, मानवत व सोनपेठ पुन्हा एकत्र येतात; आणि लोकसभेसाठी जालना जिल्ह्यातील परतूर व घनसावंगी हे भाग परभणीलाच जोडलेले आहेत. परतूरच्या शेतकऱ्याचा सात-बारा एका जिल्ह्यात आणि खासदार दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाचा! यात गैर काही नाही. मतदारसंघ लोकसंख्येच्या हिशेबाने आखावे लागतात आणि तहसील कचेरी लोकांच्या पायाशी यावी लागते. जातीच्या दाखल्यासाठी विद्यार्थ्याला दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या बापासह दूरच्या गावी हेलपाटे घालावे लागू नयेत, यासाठी तालुके लहान झाले तर ते स्वागतार्हच होय.

पाण्याचे तसे नाही. पाथरीच्या शेतीला आजचे रूप ज्या पाण्याने आले ते पैठणहून येते. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून निघून, जालना जिल्हा ओलांडून तो परभणीत येतो. पाथरीच्या शिवाराला भिडण्यापूर्वी त्याने शंभराहून अधिक किलोमीटर वाटचाल केलेली असते. एवढ्या वाटेत काळ्या मातीतून होणारी गळती असते, ढासळलेले अस्तर असते, दारे वाकविलेली असतात, कालव्यावर उघडपणे टाकलेले पंप असतात. मुखाशी मोजलेले पाणी आणि शेपटाशी पोहोचलेले पाणी यांतील अंतर पाटबंधारे खात्याच्या भाषेत ‘वहनव्यय’ ठरते; शेतकऱ्याच्या भाषेत ते ‘टेलला पाणी आलेच नाही’ एवढेच असते.

ही एकच रेषा नव्हे. १९७५ मध्ये महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीच्या पाण्याबाबत करार झाला आणि १९८० च्या लवादाच्या निवाड्यात तो समाविष्ट झाला. त्यानुसार पैठणच्या धरणस्थळापर्यंतचे सारे पाणी महाराष्ट्राने वापरावे. पैठणच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात मात्र नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफुटांपेक्षा अधिक वापर करू नये, असे ठरले. पाथरी पैठणच्या खाली आहे. तिच्या नदीकाठावर ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल असे बंधारे उभे राहिले, तेही याच मर्यादेच्या आत. आणि पैठणच्या वर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे आहेत. त्यांनी किती पाणी अडवावे आणि किती खाली सोडावे, हा वाद वर्षानुवर्षे चालला. मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे, असे सूत्र ठरले. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. म्हणजे पाथरीच्या शेतातील कापसाला वा उसाला पाणी मिळेल की नाही, हे ठरविणाऱ्या रेषा नाशिकपासून तेलंगणापर्यंत पसरलेल्या आहेत, आणि त्यांतील एकही पाथरीच्या नकाशावर दिसत नाही. देशभर पाथरीचे नाव गाजले ते २०२० च्या जानेवारीत, साईबाबांच्या जन्मस्थानाच्या विकासनिधीवरून शिर्डीत बंद पाळला गेला तेव्हा. पाण्यावरून ते तसे कधी गाजले नाही.

या प्रश्नाच्या शोधात हॉलंडकडे पाहणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पाथरी समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर आणि समुद्रापासून कित्येक दिवसांच्या पायी वाटेवर. उलट नेदरलँड्सच्या दक्षिण हॉलंड या प्रांताचा बराचसा भाग समुद्रपातळीखाली. रॉटरडॅमच्या ईशान्येस असलेला एक सखल टापू तर समुद्रपातळीहून पावणेसात मीटर खोल आहे. तेथे पाणी बाहेर काढण्याची चिंता, येथे आणण्याची. परंतु पावसाचा वार्षिक आकडा पाहिला तर दोन्हींत फार मोठी तफावत नाही. तो पाऊस तेथे बारा महिन्यांत झिमझिमतो आणि येथे चार महिन्यांतील मोजक्या दिवसांत कोसळतो. पाणी एकट्याने हाताळता येत नाही, शेजाऱ्याला बरोबर घ्यावेच लागते, ही अट मात्र दोन्हीकडे तीच आहे.

दक्षिण हॉलंडची जमीन सुमारे २,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे परभणी जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि वस्ती ३८ लाखांच्या घरात, म्हणजे २०११ च्या शिरगणतीतील परभणीच्या दुप्पट. चौरस किलोमीटरला परभणीत तीनशेच्या आसपास माणसे, तेथे चौदाशेच्या आसपास. देशाच्या बारा प्रांतांत सर्वाधिक लोकसंख्येचा हा प्रांत. १८४० मध्ये जुन्या हॉलंडचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, तेव्हा तो अस्तित्वात आला. राष्ट्राची राजधानी ॲमस्टरडॅम, पण सरकार, संसद आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय ज्या हेगमध्ये आहेत ते या प्रांताचे मुख्य ठिकाण. युरोपातील सर्वांत मोठे बंदर रॉटरडॅम, तेही येथेच. एवढ्या दाटीत काचेखालच्या भाजीपाल्याचे मळे, फुलांच्या कंदांची शेते आणि गुरांची कुरणे टिकून आहेत, हे त्या मुलखाचे वैशिष्ट्य.

प्रांताचा कारभार पाहण्यासाठी निवडून आलेली सभा असते आणि राजाज्ञेने नेमलेला आयुक्त तिचे अध्यक्षपद भूषवितो. त्याखाली नगरपालिका. येथवर आपल्याकडील जिल्हा परिषद व नगरपरिषद जाणणाऱ्यास काही अनोळखी वाटणार नाही. परंतु याखेरीज तेथे एक तिसरी संस्था आहे आणि ती या दोहोंहून फार जुनी आहे. तिला मराठीत जलमंडळ म्हणता येईल. ऱ्हाइनलँड, डेल्फलँड, स्कीलँड या जलमंडळांची मुळे तेराव्या शतकापर्यंत जातात. तेव्हा आजचा प्रांतही नव्हता आणि नेदरलँड्स नावाचे राज्यही नव्हते. बांध राखणे, पाण्याची पातळी सांभाळणे आणि अलीकडच्या काळात सांडपाणी शुद्ध करणे, एवढेच त्यांचे काम. त्यांच्या हद्दी प्रांताच्या वा नगरपालिकांच्या हद्दींशी जुळत नाहीत. ऱ्हाइनलँडचे क्षेत्र दक्षिण हॉलंडची सीमा ओलांडून उत्तर हॉलंडमध्ये हार्लेमपर्यंत जाते, कारण तेथले पाणी तसे वाहते.

मध्ययुगात या बांधांचा प्रत्येक हिस्सा एकेका जमीनधारकाच्या अंगावर सोपविलेला असे. ज्याला आपला हिस्सा राखणे झेपेना, त्याने बांधात आपली कुदळ रोवावी आणि जमीन सोडून चालते व्हावे. जो ती कुदळ उपसून घेईल त्याच्याकडे जमीन आणि जबाबदारी दोन्ही जातील, असा रिवाज होता. निष्ठुर रिवाज खरा. पण पाण्यावरील हक्क आणि पाण्याविषयीचे कर्तव्य यांची ताटातूट होऊ द्यायची नाही, हा त्यामागील विचार. आज कुदळीची जागा कराने घेतली आहे. जलमंडळ आपला कर स्वतः बसविते, स्वतः वसूल करते, आणि तो पैसा सरकारी तिजोरीत न जाता त्याच पाण्यावर खर्च होतो. दर चार वर्षांनी मतदान होते. २०१५, २०१९ आणि २०२३ या तिन्ही वर्षी मार्च महिन्यात प्रांतसभेच्या निवडणुकीच्या दिवशीच नागरिकांनी जलमंडळासाठीही मत दिले. शेतजमीन धारण करणारे आणि निसर्गक्षेत्रे सांभाळणारे यांच्यासाठी काही थोड्या जागा राखीव असतात. प्रांताचा अधिकार जलमंडळाच्या वर आहे. तो हद्दी बदलू शकतो, मंडळे एकत्र करू शकतो.

आणि ती एकत्र करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. कारण जुने ते सारे सोने असा समज करून घेण्याचे कारण नाही. १९५३ मध्ये देशात अडीच हजारांहून अधिक जलमंडळे होती. कित्येकांकडे एखाद्या गावापुरते क्षेत्र, तुटपुंजे उत्पन्न आणि वर्षानुवर्षे न उंचावलेले बांध. सरकारी जलखात्यातील योहान व्हान व्हेन या अभियंत्याने धोक्याचे इशारे दिले होते. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी १९५३ यांमधील रात्री उत्तर समुद्राला उधाण आले, बांध फुटले आणि १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. सर्वाधिक हानी शेजारच्या झीलँड प्रांतात झाली, तरी दक्षिण हॉलंडची बेटेही बुडाली. त्याच रात्री हॉलंडसे आयसेल नदीचा बांध निउवेरकेर्कजवळ खचू लागला. त्याच्यामागे तो पावणेसात मीटर खोल मुलूख आणि लाखो लोक. तेथील नगराध्यक्षाच्या हुकमावरून आरी एव्हेखरून नावाच्या नावाड्याने आपली धान्य वाहणारी नौकाच त्या भगदाडात आडवी घातली आणि भोक बुजले. त्या मुलखात आज या प्रसंगाचे स्मारक आहे. पण डच लोक स्मारकावर थांबले नाहीत. १९५८ मध्ये याच नदीवर उधाण अडविणारे दार उभे राहिले, डेल्टा योजना आखली गेली, १९९७ मध्ये रॉटरडॅमच्या मुखाशी अजस्र फिरते दरवाजे बसले. आणि जलमंडळांना स्वस्त कर्ज मिळावे म्हणून १९५४ मध्ये त्यांची स्वतःची बँक हेगमध्ये निघाली. दुबळी मंडळे एकमेकांत मिळवीत मिळवीत आज त्यांची संख्या २१ वर आली आहे.

दोष अजून संपलेले नाहीत. पाणी उपसून कोरडी केलेली दलदलीची माती आक्रसते आणि जमीन खचते, म्हणून अधिक उपसावे लागते, म्हणून ती अधिक खचते. कालव्याने भिजवलेल्या मराठवाड्याच्या काळ्या रानांत पाणथळ आणि चोपण जमीन वाढत गेलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हे चक्र समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात या दिशेने काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पांझरा खोऱ्यातील फड पद्धती कितीतरी पिढ्या शेतकऱ्यांनी स्वतः चालविली. पिकांची वाटणी, पाळ्या, पाटकऱ्याचा मोबदला, सारे गावाने ठरवावे अशी तिची घडण होती. नाशिक जिल्ह्यात ओझरच्या परिसरात वाघाड धरणावर बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी वापर संस्था उभ्या केल्या आणि पाणी मोजून घेण्याची शिस्त रुजविली. २००५ मध्ये विधिमंडळाने दोन कायदे केले: एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, दुसरा सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा. दुसऱ्या कायद्याची रचना पाहिली तर ती डच जलमंडळाची धाकटी बहीणच वाटावी. संस्थेची हद्द गावाच्या शिवेने नव्हे, तर चारी-वितरिकेच्या लाभक्षेत्राने ठरते. लघुवितरिकेच्या संस्थांवर वितरिकेची, त्यावर कालव्याची, त्यावर प्रकल्पाची संस्था, अशी चढती मांडणी त्यात आहे. पाणी घनमापनाने मोजून द्यावे, असे त्यात म्हटले आहे. आणि संचालक मंडळात मुख, मध्य व शेपूट अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी असावेत, अशीही तरतूद आहे. शेपटाच्या शेतकऱ्याला कायद्याच्या कलमात जागा देणारा हा विचार खरोखर दूरदृष्टीचा होता.

अडले आहे ते कायद्याच्या कागदावर नव्हे, तर कालव्याच्या काठावर. पाणी मोजून द्यायचे तर मोजण्याचे साधन हवे. ज्या वितरिकेचे दार धड बंद होत नाही तिच्यावर मापन कसले? मुख्य कालव्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेले पाणी देण्याची हमी नसेल, तर पाणीपट्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षाला गावात तोंड दाखविणे कठीण होते. आवर्तन किती आणि केव्हा, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते आणि त्या बैठकीत संस्थेच्या मताला निर्णायक वजन नसते. मग शेतकरी पूर्वीप्रमाणे नमुना सातचा अर्ज घेऊन शाखा कार्यालयाच्या पायऱ्या चढतो, पाणीपट्टी थकवितो, आणि थकबाकी आहे म्हणून दुरुस्तीला निधी नाही, दुरुस्ती नाही म्हणून पाणी नाही, असे कोणाचीच चूक नसलेले एक वर्तुळ पुरे होते.

यावर असा आक्षेप येईल की, हॉलंड श्रीमंत आहे. तेथला नागरिक जलकर भरू शकतो. आक्षेप पूर्ण खोटा नाही. परंतु तेराव्या शतकात कुदळीने बांध राखणारे शेतकरी श्रीमंत नव्हते. त्यांनी आधी मंडळ उभारले, समृद्धी त्यानंतर आली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाणी वापर संस्था बळकट झाल्या तर त्या ऊसवाल्या बड्या शेतकऱ्यांच्याच ताब्यात जातील, आणि कोरडवाहू शेतकरी व भूमिहीन मजूर बाहेरच राहतील. हे भय खरे आहे. डच मंडळांतही शतकानुशतके मताचा अधिकार जमिनीच्या मापाने मिळत असे. सामान्य रहिवाशाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाला. पाथरीत ज्याच्याकडे कालव्याखालची जमीन नाही त्यालाही नदीच्या पाण्याशी कर्तव्य आहे. पिण्याचे पाणी त्याच बंधाऱ्यांतून उचलले जाते आणि पुराचे पाणी सात-बारा पाहून घरात शिरत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला, तेव्हा गोदाकाठच्या गावांनी ते अनुभवले आहे. म्हणून संस्थेच्या मतदारयादीत लाभधारकांच्या जोडीला गावाचे सामान्य रहिवासी कसे येतील, याचा विचार कायद्यात दुरुस्ती करताना व्हायला हवा.

निवडणुकीच्या बाबतीत तर बोलावे तितके थोडे. २०२२ मध्ये मुदती संपल्यावर महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदा आणि नगरपालिका कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. जेथे जिल्हा परिषदेचीच निवडणूक वेळेवर होत नाही, तेथे वितरिकेच्या संस्थेची कोण आठवण ठेवणार?

तूर्त जे होण्याजोगे आहे ते फार मोठ्या खर्चाचे नाही. डाव्या कालव्याच्या प्रत्येक वितरिकेच्या मुखाशी मापनपट्टी बसवावी आणि रोजचा आकडा त्याच ठिकाणी फळ्यावर लिहावा, जेणेकरून परतूरला किती गेले आणि पाथरीला किती आले हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना वाचता येईल. पाणीपट्टीतील ठरावीक वाटा ती भरणाऱ्या वितरिकेच्याच दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि त्याचा जमाखर्च संस्थेच्या सभेपुढे यावा. ढालेगाव, तारुगव्हाण आणि मुद्गल या बंधाऱ्यांसाठी दोन्ही तीरांवरील गावांची मिळून एकच संस्था असावी. तिची हद्द परभणी आणि बीड अशी न मोजता फुगवट्याच्या पाण्याने मोजावी. बंधाऱ्यातून किती उपसा व्हावा, कोणत्या महिन्यानंतर पंप थांबावेत, पिण्यासाठी किती राखावे, हे पावसाळा संपताच, पाणी डोळ्यांपुढे असताना, त्या संस्थेच्या सभेत ठरावे. मुद्गलला नदीपात्रात महादेवाचे देऊळ आहे. तेथे दर्शनाला येणारा भाविक आपण कोणत्या जिल्ह्यातून आलो हे पुजाऱ्याला सांगत बसत नाही. संस्थेच्या पहिल्या सभेला जागा शोधायची झाली, तर तो घाट पुरेसा मोठा आहे.